वरच्या बाथरूमचे पाणी खालच्या छतात येते कसे?

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातून स्लॅबचा भाग कोसळल्याच्या बातम्या येऊ लागतात. बातमीत इमारतीचे वय लिहिलेले असते, पावसाचा जोर लिहिलेला असतो. पण त्या स्लॅबवर कोणाचे बाथरूम होते आणि तिथून किती वर्षे पाणी मुरत होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. जुन्या इमारतींमध्ये सर्वांत आधी खराब होणाऱ्या भागांत बाथरूम आणि संडासाखालचा स्लॅब हमखास असतो. सुरुवात अगदी साधी असते. खालच्या घराच्या छतावर बशीएवढा डाग उमटतो, त्याची कड तपकिरी होत जाते, रंग फुगतो आणि काही आठवड्यांनी पोपडे पडू लागतात.

मग खालचे काका वर जाऊन बेल वाजवतात आणि वरच्या घरातून ठरलेले उत्तर येते: "अहो, आम्ही तर मागच्याच वर्षी सगळ्या टाइल्स नव्या बसवल्या. आमच्याकडून पाणी येणे शक्यच नाही." असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. नवी टाइल म्हणजे पाण्यापासून संरक्षण, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते. बाथरूमच्या नूतनीकरणात लाखो रुपये चुकीच्या जागी खर्च होतात, त्यामागे ही एक समजूत मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

## टाइल पाणी का अडवत नाही

व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या 0.5 टक्क्यांपेक्षाही कमी असते. प्रश्न टाइलचा नसून दोन टाइल्समधल्या सांध्याचा आहे. या सांध्यात जे भरतात त्याला ग्राउट म्हणतात. आपल्याकडे पूर्वी यासाठी सर्रास व्हाइट सिमेंट वापरले जाई आणि आजही अनेक ठिकाणी सिमेंटचेच ग्राउट वापरतात. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये केसांहून बारीक अशा असंख्य नळ्यांचे जाळे असते. समईच्या वातीतून तेल जसे आपोआप वर चढते, तसेच या नळ्यांतून पाणी आपोआप ओढले जाते. त्याला ढकलावे लागत नाही. दररोज अंघोळ, कपडे, फरशी धुणे असे तीन-चार वेळा पाणी पडणाऱ्या जमिनीत प्रत्येक वेळी थोडे थोडे पाणी सांध्यातून खाली जातच असते. हे उत्तम काम केलेल्या बाथरूममध्येही घडते.

म्हणजे टाइल हा अंगावरचा सदरा आहे. पावसात भिजू नये म्हणून लागणारी रेनकोटची घडी तिच्या खाली असावी लागते. त्या थरालाच वॉटरप्रूफिंग म्हणतात. टाइल दिसते, निवडता येते, पाहुण्यांना दाखवता येते. वॉटरप्रूफिंग काम संपल्यावर कायमचे गाडले जाते. त्यामुळे अंदाजपत्रक आखडायची वेळ आली की कात्री बहुतेक वेळा त्याच्यावरच चालते.

## टाइलच्या खाली नेमके काय असते

आपल्याकडील फ्लॅटमध्ये बाथरूमखालचा स्लॅब उरलेल्या घराच्या स्लॅबपेक्षा साधारण 20 ते 30 सेंटिमीटर खाली ओतलेला असतो. याला संकन स्लॅब म्हणतात. एखाद्या परातीसारखा खोलगट भाग, असे समजा. ही परात ठेवण्याचे कारण म्हणजे आपल्या बाथरूमच्या सांडपाण्याचे पाइप आपल्याच जमिनीच्या आत राहावेत. ही सोय नसलेल्या जुन्या इमारतींमध्ये वरच्यांचे पाइप खालच्यांच्या बाथरूमच्या छताला लटकलेले दिसतात.

पाइप टाकून झाले की ही परात भरून काढतात. परंपरेने त्यासाठी विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा भराव घालतात आणि त्याला ब्रिकबॅट कोबा किंवा नुसता कोबा म्हणतात. त्यावर ढाळ देऊन माल पसरतात आणि शेवटी टाइल बसवतात. जमिनीच्या कोपऱ्यात किंवा मध्ये जाळीखाली जे भांडे असते ते नहाणी ट्रॅप. त्यात सुमारे 50 मिलिमीटर पाणी सतत साचून राहते आणि त्यामुळे गटाराचा वास व झुरळे वर येत नाहीत.

आता भांडणाचे एक मोठे कारण इथेच दडलेले आहे. समजा बाथरूम पाच फूट बाय सात फूट आहे आणि परात 25 सेंटिमीटर खोल आहे. तिचे आकारमान सुमारे 800 लिटर होते. विटांच्या भरावात पाचवा हिस्सा जरी पोकळी धरली, तरी टाइलखाली दीडशे लिटरहून अधिक पाणी गुपचूप साठू शकते. वरचे कुटुंब आठ दिवस गावी गेले आणि तरीही खाली थेंब पडत राहिले, तर वरचे म्हणतात, "बघा, आम्ही घरात नव्हतो, म्हणजे पाणी आमचे नाही." प्रत्यक्षात ते कोब्यात आधीच मुरलेले पाणी असते. त्याचप्रमाणे दुरुस्ती अगदी योग्य झाली तरी खालचा डाग वाळायला काही आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी तो नाहीसा झाला नाही म्हणून गवंड्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

## फोडण्याआधी पाणी कोणते ते ओळखा

गळती दिसली की थेट छन्नी-हातोडा घेऊन बाथरूम फोडायला निघणे ही सर्वांत महाग चूक आहे. पाणी तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकते आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

थेंब दिवसरात्र एकाच गतीने पडत असेल, वर कोणी अंघोळ करो वा न करो, तर संशय नळाच्या पाइपवर घ्यावा, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असते. गच्चीवरच्या टाकीतून त्या बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह बंद करून गळतीचा वेग कमी होतो का हे पाहावे. प्लंबर पंप लावून पाइपमध्ये दाब भरतो आणि काटा खाली येतो का ते बघतो. याला प्रेशर टेस्ट म्हणतात आणि तिला टाइल फोडावी लागत नाही.

थेंब अंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यानंतर वाढत असतील, तर पाणी जमिनीतून किंवा सांडपाण्याच्या पाइपमधून येत आहे. या दोघांत फरक करायला एक साधी युक्ती आहे. जमीन कोरडी ठेवून रंग कालवलेले पाणी थेट नहाणी ट्रॅपमध्ये सावकाश ओतावे. तोच रंग खाली उतरला तर ट्रॅप किंवा पाइपचा सांधा दोषी आहे. काहीच उतरले नाही, तर दुसऱ्या दिवशी ट्रॅपच्या तोंडाला बोळा घालून जमिनीवर इंचभर रंगीत पाणी काही तास साठवून ठेवावे. त्यावेळी खाली ओल वाढली तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग संपले आहे असे समजावे. कोब्यातून रंग गाळला जाऊन पाणी बिनरंगी उतरू शकते, म्हणून नजर रंगावर नव्हे, ओलीवर ठेवावी. आणि घाई करू नये. कोब्यातून पाणी उतरायला एखादा दिवसही लागू शकतो.

ओल फक्त पावसाळ्यात येत असेल आणि ती बाहेरच्या भिंतीच्या किंवा डक्टच्या, म्हणजे पाइप वरखाली जातात त्या उभ्या मोकळ्या जागेच्या, बाजूला असेल, तर वरचे शेजारी बहुधा निर्दोष आहेत. बाहेरच्या गिलाव्याला पडलेली भेग किंवा डक्टमधला फुटका पाइप शोधायला हवा.

माझ्या घरी हे सारे उलट्या क्रमाने झाले. आमच्या बाथरूमखाली ओल आली तेव्हा कोणतीही चाचणी न करता ठेकेदाराने जमीन फोडली, केमिकल मारले आणि नव्या टाइल्स बसवून दिल्या. चार महिन्यांत खालच्या वहिनींच्या छताला पुन्हा डाग आला. दुसऱ्या वेळी आलेल्या वयस्कर गवंड्याने पूर्ण बाथरूम न फोडता फक्त नहाणी ट्रॅपभोवतालचा चौकोन उघडला. ट्रॅप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो, तिथल्या भोकाची कड त्याने बोटाने चाचपली आणि आतून सिमेंटच्या पोत्याचा कुजलेला तुकडा ओढून काढला. मूळ बांधकामाच्या वेळी माल खाली पडू नये म्हणून कोणीतरी भोकात पोते कोंबले होते आणि त्यावर सिमेंट लिंपले होते. "ताई, पाणी कधीच स्लॅबमधून येत नाही, भोकातून येतं," असे तो म्हणाला. हे वाक्य शब्दशः खरे नाही, पण गळतीच्या कामात शंभरातल्या बऱ्याच वेळा ते लागू पडते: सपाट जागा क्वचित गळते, पाइप जिथे आरपार जातो ते भोक, भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा आणि दाराचा उंबरा या तीन जागा गळतात.

## ओल राहिली तर बिघडते काय

छताला डाग पडला, रंग दिला, संपले, असे वाटत असेल तर स्लॅबच्या आत काय चालते ते समजून घ्यायला हवे. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या असतात. ताज्या काँक्रीटचा गुणधर्म तीव्र अल्कलीचा, म्हणजे चुन्याच्या निवळीसारखा असतो, आणि त्या वातावरणात सळीवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. वर्षे जातात तशी हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरते आणि ही अल्कली मारत जाते. तेवढ्याने सळी गंजत नाही. गंजायला पाणीही लागते. बाथरूमची गळती नेमके ते पाणी पुरवते.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. काँक्रीटच्या आत फुगायला जागा नसते, म्हणून सळी आपल्याभोवतालचे काँक्रीट खालच्या बाजूने ढकलून फोडते. आधी सळीच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि शेवटी खपली गळून पडते. फुटलेल्या जागेतून हवा व पाणी आणखी सहज आत जातात आणि वेग वाढतो. छताला पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा आला, तर पाणी काँक्रीटमधले क्षार विरघळवून बाहेर आणत आहे एवढाच त्याचा अर्थ. पण सळीच्या रेषेत तांबूस डाग दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावण्यात दिरंगाई करू नये. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करण्यास सांगितले आहे, ते याच कारणासाठी.

इथे एका सवयीबद्दल मनापासून सांगावेसे वाटते. टाइल्स चकचकीत व्हाव्यात म्हणून अनेक घरांत दर आठवड्याला ॲसिड ओतून जमीन घासतात. बाजारातले हे ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते टाइलवरचे पांढरे थर विरघळवते, आणि त्याच सहजतेने सांध्यातले सिमेंटही विरघळवते. शिवाय त्यातील क्लोराइड खाली झिरपले तर सळीवरचा संरक्षक थर फोडण्याचे कामही तेच करते. बोअरचे जड पाणी येणाऱ्या भागांत डाग पडतात हे मान्य, पण त्यावर सौम्य द्रावण आणि थोडे अधिक घासणे हाच टिकाऊ मार्ग आहे.

## नीट काम कसे होते

जुना कोबा मूळ स्लॅब दिसेपर्यंत काढला पाहिजे. यात खळखळ होते, कारण आवाज होतो, डेब्रिसची पोती खाली न्यावी लागतात आणि एकच बाथरूम असलेल्या घराचे हाल होतात. तरीही अर्ध्यावर थांबणे म्हणजे ओल्या स्पंजावर प्लास्टिक पसरणे होय.

पाइप आणि ट्रॅप आपापल्या जागी पक्के बसवल्यावर त्यांच्या भोवतालची भोके न आकसणाऱ्या मालाने भरतात. साधे सिमेंट वाळताना किंचित आकसते आणि पाइपभोवती केसाएवढी फट सोडते. मग भिंत आणि जमीन जिथे काटकोनात मिळतात तिथे मालाची गोलाई करतात. गवंडी याला वाटा मारणे म्हणतात. काटकोनात लावलेला लेप वाकताना चिरतो, गोलाईवर तो अखंड राहतो. यानंतर सिमेंट आणि पॉलिमर यांच्या मिश्रणाचा लवचीक लेप, ज्याला सगळे केमिकल म्हणतात, त्याचे किमान दोन हात देतात. पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे एका हाताने राहिलेली छिद्रे दुसऱ्याने झाकली जातात. कोपऱ्यांत लेपामध्ये फायबरची जाळी दाबून बसवतात. लेप भिंतीवर फूटभर तरी चढवतात आणि शॉवरच्या बाजूला सहा-सात फुटांपर्यंत नेतात. हा लेप उंबऱ्याखालून बाहेरच्या बाजूला उचलून घ्यायचा बहुतेक जण विसरतात. मग पाणी खाली न जाता बाजूने बेडरूमच्या फरशीखाली जाते आणि कपाटाच्या प्लायला बुरशी येते.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. लेप पूर्ण वाळल्यावर ट्रॅप बंद करून परातीत पाणी भरून ठेवायचे, किमान 48 तास, जमल्यास 72. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करायची आणि खालच्या घरात जाऊन छत पाहायचे. खालच्या काकांना सोबत घेऊन ही पाहणी केली तर पुढची निम्मी भांडणे होतच नाहीत. कोबा भरून त्यावर दुसरा लेप दिल्यावर, टाइल बसवण्याआधी, हीच चाचणी पुन्हा करायची. मिस्त्री घाईत असतो, घरातले कंटाळलेले असतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर "करू या पुढे" असे म्हटले जाते. ठेकेदाराशी लेखी ठरवताना रकमेचा एक हप्ता या दोन चाचण्यांनंतरच द्यायचा असे नमूद करून ठेवावे.

भरावासाठी विटांऐवजी हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरले तर स्लॅबवरचे ओझे बरेच कमी होते. वर हिशेबात घेतलेल्या परातीत विटांचा कोबा एक टनाहून अधिक भरतो. मात्र हे हलके ब्लॉक पाणी भरपूर पितात, म्हणून त्यांच्या वरचा लेप पक्का असायलाच हवा. परातीच्या तळाशी डक्टमध्ये उघडणारा एक लहान पाइप ठेवला तर उद्या चुकून पाणी मुरलेच तरी ते साचून न राहता बाहेर येते आणि दिसतेही. शेवटी ढाळ: ट्रॅपच्या दिशेने दर मीटरला 10 ते 12 मिलिमीटर. टाइल बसवताना बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहावे, कारण साचणारे प्रत्येक डबके सांध्याला दिवसभर पाणी पाजत असते.

जमीन उघडलीच आहे तर गिझरपासून शॉवरपर्यंतचा गरम पाण्याचा पाइप जितका आखूड करता येईल तितका करावा आणि त्यावर फोमची नळी चढवावी. पाऊण इंची पाइपच्या 10 मीटर लांबीत सुमारे अडीच लिटर पाणी मावते. दर अंघोळीआधी तेवढे थंड पाणी वाया जाते आणि नंतर तेवढेच गरम पाणी पाइपमध्ये निवत राहते.

## "पण फोडाफोड न करता काही करता येणार नाही का?"

हा प्रश्न रास्त आहे. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा मार्ग सध्या लोकप्रिय आहे. बाथरूम देखणे होते, दोन दिवसांत काम होते. पण खालचा मोडलेला थर तसाच राहतो, वजन वाढते, जमिनीची पातळी वर येऊन उंबऱ्याची उंची घटते आणि पाणी बाहेर येण्याचा धोका वाढतो. गळती नसेल आणि फक्त रूप बदलायचे असेल, तरच हा विचार करावा.

सांधे खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरणे हा मात्र प्रामाणिक पहिला उपाय आहे. इपॉक्सी पाणी ओढत नाही. ओल किरकोळ असेल आणि पाइप ठीक असतील तर याने पुष्कळ फरक पडतो, काही घरांत कित्येक वर्षे निभावते. खालून छताला भोके पाडून दाबाने रसायन भरण्याचा उपाय भेग बुजवतो, पण वर साठलेले पाणी दुसरी वाट शोधते. सळ्या गंजलेल्या स्लॅबवर तर फक्त एवढ्यावर भागवणे धोक्याचे आहे.

मुंबईतल्या जुन्या खोल्यांमध्ये स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली मोरी मोठी करून तिचे बाथरूम करतात, आणि पुण्याकडे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन व सिंक बसवून तिथेच कपडे धुणे सुरू होते. या जागा रोजच्या पाण्यासाठी बांधलेल्याच नसतात. तिथे परात नसते, कधी वॉटरप्रूफिंगही नसते आणि खाली कोणाचा तरी ओटा किंवा पलंग असतो. असा बदल करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला, दोन्ही घ्यावेत.

## "खर्च आम्हीच का करायचा?"

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घराच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदस्याने करायचा असतो. बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाचे पाणी यांमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेने. म्हणूनच पाणी कोणते हे आधी ठरवणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे आणि चाचण्यांच्या वेळी संस्थेचा एखादा पदाधिकारी हजर असणे सोयीचे ठरते.

घर नवे असेल तर स्थिती वेगळी आहे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ताबा घेतल्यावर हौसेने बाथरूमच्या टाइल्स बदलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, एकदा आपण स्वतः जमीन फोडली की दोष मूळचा होता हे सिद्ध करणे अवघड होते. त्यामुळे नव्या घरात राहायला जाण्यापूर्वी प्रत्येक बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवावे, खालच्या छताचे तारखेसह फोटो घ्यावेत आणि ओल आढळली तर विकासकाला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. टाइल्सची दुकाने त्यानंतर हिंडावीत.